बोटानं दाखवलेलं शिसं

ज्योतीराम माझा पाठचा भाऊ. त्याच्याबद्दल वाईट बोलायचा हक्क फक्त माझा. दुसरं कुणी बोललं तर मी त्याची बिनपाण्यानं करते. सध्या मात्र मीच त्याच्यावर इतकी चिडलेली आहे की त्याचं चांगलं सांगायचं म्हटलं तर आधी आठवावं लागतं. तरी सांगते. कुरुळीत आणि महाळुंग्यात लोक ही गोष्ट अर्धी-अर्धी सांगत फिरतात. कुणाच्या अर्ध्यात माझा भाऊ गुन्हेगार असतो, कुणाच्या अर्ध्यात माझा मुलगा. म्हणून पुरी सांगितलेली बरी.

मी शालन. माहेर कुरुळी, सासर महाळुंगे, मधे नुसत्या कंपन्यांच्या भिंती. अंगणवाडीत मदतनीस म्हणून उभी हयात गेली, त्यामुळे चारचौघांत जरा नीट बोलता येतं. रागावले की कुरुळीची भाषा तोंडात येते, त्याला इलाज नाही. माझा नवरा गेला तेव्हा कुलदीप शाळेत होता. तिथून पुढं त्याला मामानंच वाढवला म्हटलं तरी चालेल. ज्योतीरामला आणि त्याच्या केसरला मूल झालं नाही. दोघांचा सगळा जीव माझ्या पोरावर.

आमचं शेत कंपन्यांत गेलं तेव्हा भावकीतल्या बाकीच्यांनी गाड्या घेतल्या, प्लॉटिंग काढलं, गळ्यात जाड चेनी घातल्या. ज्योतीराम तळवड्याच्या एका वर्कशॉपात भट्टीवर जाऊन उभा राहिला. तिथं जुन्या मशिनींची बेअरिंगं येतात. आतला धातू झिजलेला असतो, तो वितळवून काढायचा आणि नवा ओतायचा. तो धातू म्हणजे शिसं, कथील आणि आणखी काय काय. मला विचाराल तर कढईत चांदीचं पिठलं शिजतंय असं दिसतं. बाकी मला कळत नाही.

त्याला मात्र शिशाचं वेडच. घरामागं पत्र्याची शेड घातली आणि सुट्टीच्या दिवशी तिथंही शिसं वितळवत बसायचा. धरणावर मासे धरणाऱ्यांच्या जाळ्यांना लावायची वजनं करायची, गवंड्यांसाठी ओळंबे ओतायचे. कुरुळीतल्या निम्म्या चाळींच्या भिंती त्याच्या ओळंब्यावर उभ्या राहिल्यात. वितळवलेलं शिसं ओतून त्याच्या इडल्या पाडून ठेवायला माझं एक जुनं इडलीपात्र घेऊन गेला. तेव्हापासून केसरच्या घरात दोन इडलीपात्रं, एक खायच्या इडल्यांचं आणि एक न खायच्या. मी तिला म्हणायची, बाई गं, एखाद दिवशी पाहुण्याचे दात पाडशील.

शिसं तो नखानं ओळखतो. मऊ शिशावर नख ओढलं की लगेच चकाकती रेघ उठते, कडक शिशावर नख घसरून जातं. मग ती इडली फरशीवर टाकून आवाज ऐकायचा. जुन्या केबलचं मऊ शिसं धप्प करून पडतं. चाकाला लावायची वजनं वितळवली तर जरा कडक निघतं. बॅटरीचं शिसं त्यानं घरात कधी आणू दिलं नाही, त्याचा धूर वाईट म्हणायचा. प्रत्येकाचा डबा वेगळा. ओळंब्यासाठी स्वतःचं एक मिश्रण करायचा, चाकाच्या वजनात वर्कशॉपातला उरलासुरला पांढरा धातू घालून. ते एका गंजक्या तेलाच्या डब्यात. ठोकर लागली तर ओळंब्याला पोचा पडू नये म्हणून तसलं लागतं, असं तो कुणीही न विचारता सांगायचा.

एरवी ह्या माणसाच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे विहिरीतून कळशी ओढल्यासारखं. पण शिशाबद्दल विचारा, की सुटलाच. तेव्हा समोर कोण आहे, का विचारतोय, कशाचं भान राहायचं नाही. लहानपणी तर शिसं दातानं चावून बघायचा. मी त्याच्या मुस्कटात दिली होती. पुढं वर्कशॉपात सगळ्यांचं रक्त तपासलं तेव्हा ह्याच्या रक्तात शिसं निघालं, हाताला कंप आला, पोटात कळा यायला लागल्या. तेव्हापासून माझ्या दारात आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला. हात धुतलेस का? तो धुतले म्हणायचा. मी म्हणायची, परत धू. साठीला आलेला माणूस गुमान मोरीवर जायचा.

आता कुलदीपचं सांगते. महाळुंग्याच्या एका कंपनीत तो कंत्राटावर होता. कंत्राट संपलं, परत घेतलं नाही. मग अण्णासाहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून लागला. अण्णासाहेब आमच्याच भावकीतले. जमिनीच्या व्यवहारात वर आले, हायवेच्या आत फार्महाऊस बांधलं, कमरेला लायसनचं रिव्हॉल्व्हर आलं. दर दसऱ्याला सोनं वाटून झालं की फार्महाऊसवर हवेत बार काढायचे, ही त्यांची हौस. चार पोरं शिट्ट्या मारायला असायचीच. माझा कुलदीप त्यांतला एक झाला. मी बोलले. त्यानं ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. हल्लीची पोरं आईचं ऐकतात ती अशीच.

गेल्या नवरात्रात अष्टमीला मी कुरुळीला होते. घटावर फुलोरा बांधायचा असतो, त्याच्या कडाकण्या तळायला केसरला मी लागते. ज्योतीराम मागच्या दारात पळी आणि साचे घासत बसला होता, कारण दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. तेवढ्यात कुलदीप आला. गरम कडाकणी उचलली, मामाजवळ उकिडवा बसला.

"मामा, एक इचारू? रिव्हॉल्व्हरच्या गोळीला शिसं कंचं लागतं? मऊ का कडक?"

माझा झारा कढईतच थांबला. आणि माझा भाऊ, देवा, मान वर न करता बोलायला लागला.

"मऊ चालायचं न्हाई. मऊ शिसं नळीत पुसलं जातं, आतनं थर धरतं. निव्वळ कडक घेतलं तर त्ये बी बरं न्हाई. मधलं पायजे. हे आपलं ओळंब्याचं हाय ना, असलं."

हे म्हणताना त्याचं बोट त्या गंजक्या डब्याकडं गेलेलं होतं. मग हात थांबला. त्यानं कुलदीपच्या तोंडाकडं बघितलं.

"का रं?"

कुलदीपनं सरळ सांगितलं. सरकार लायसनवर काडतुसं मोजून देतं, उडवलेल्याचा जाब द्यावा लागतो. दसऱ्याला बार काढायचे तर हिशेबाबाहेरची हवीत. साचा अण्णासाहेबांनी कुठून तरी आणलाय, रिकाम्या पुंगळ्या आहेत, बाकीची जुळवाजुळव करणारा माणूसही आहे. फक्त शिसं ओतून द्यायचं. "तुझ्यासारखं शिसं कुणाला कळत न्हाई, असं सायेब म्हणत होते," तो म्हणाला.

मी वाट बघत होते की आता ज्योतीराम ओरडेल, निदान एक रट्टा घालेल. त्यानं काय करावं? पळी, कढई, साचे, चिमटा सगळं गोळा केलं. शिशाचे डबेही उचलले. आत येऊन केसरला म्हणाला, "हत्यारं आत्ताच देवाम्होरं मांड." मग कुलदीपकडं वळून, "आता दसऱ्यापतूर ह्याला हात लावायचा न्हाई," एवढंच.

आमच्याकडं तशी रीतच आहे. खंडेनवमीला हत्यारांना विश्रांती. पूर्वी नांगर, कुऱ्हाडी, खुरपी मांडायचे. आता पाने, ड्रिल, वेल्डिंगचं मशीन मांडतात, कंपन्यांत मोठमोठ्या मशिनींना झेंडूची माळ घालतात. एकदा हळदकुंकू लागलं की दसऱ्याचं सोनं लुटून होईपर्यंत कुणी हत्यार उचलत नाही. केसरनं सगळ्यांना हळदकुंकू लावलं, त्या शिशाच्या इडल्यांनाही लावलं. कुलदीप हसला, आणखी एक कडाकणी घेतली आणि गेला. मलाही वाटलं, बरं झालं. पोराचं मन न दुखवता भावानं विषय मिटवला. देव मधे आला म्हणजे झालं, असं आम्ही तिघंही धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी ज्योतीराम वर्कशॉपातल्या मशिनींच्या पूजेला तळवड्याला गेला होता. केसर देवळात. कुरुळीतलं ते घर कुलदीपला कधी बंद नव्हतंच. तो आत गेला, देवापुढं वाकला आणि गंजक्या डब्यातल्या इडल्या घेऊन गेला. पळीला, कढईला, साच्याला त्यानं बोट लावलं नाही. हे त्यानं मला नंतर शपथेवर सांगितलं. म्हणाला, "आई, शिसं म्हंजे काय हत्यार हाय व्हय?" म्हणजे त्याच्या मते त्यानं मामाचा शब्द पाळला. ऐकून मी कपाळाला हात लावला. मी स्वतः शिकवलेली रीत त्यानं माझ्याच तोंडावर टाकली होती.

दसऱ्याच्या दुपारी ज्योतीराम नागसेनकडं सोनं द्यायला गेला. नागसेन त्याच्याबरोबर वर्कशॉपात भट्टीवर असतो. त्याचे वडील कंपनीत होते, तेव्हापासून ही मंडळी कुरुळीत राहतात. दसऱ्याला त्यांच्याकडं धम्मचक्र प्रवर्तनाचा कार्यक्रम असतो, सकाळपासून विहारात गर्दी. तरी ज्योतीराम दर वर्षी आपट्याचं पान घेऊन जायचा आणि नागसेनची आई तानुबाई त्याला खीर द्यायची. तानुबाई माझी जुनी मैत्रीण. अंगणवाडीतली खिचडी आम्ही दोघींनी ढवळलीय. एका ताटात जेवलोय.

ती विहारातून आली होती, पांढरं लुगडं अंगावर तसंच. वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली. लांबून फटफट आवाज आले, खाली कुणीतरी म्हणालंही, अण्णासाहेबांचं सुरू झालं. मग गच्चीवर काहीतरी पडल्यासारखं झालं. नागसेनला वाटलं, बादली पडली. ज्योतीराम खाली खिरीची वाटी हातात घेऊन बसला होता. दोघं वर गेले तर तानुबाई कपड्यांच्या ढिगावर आडवी आणि उजव्या खांद्यावरचं पांढरं लुगडं लाल होत चाललेलं. ती म्हणत होती, दगड लागला, कुणीतरी दगड मारला. तिला रिक्षात घालून नेलं. सगळा रस्ता तिचा खांदा ज्योतीरामनं दाबून धरला होता.

हवेत उडवलेलं कुठं तरी खाली येतंच. एवढी साधी गोष्ट त्या फार्महाऊसवर एकालाही सुचली नव्हती.

डॉक्टरनं खांद्यातून शिशाचा वाकडा तुकडा काढला. ट्रे बाहेर आणला तेव्हा ज्योतीराम दारातच उभा होता. त्यानं एकदा बघितलं. नख लावायची गरज पडली नाही. नागसेन म्हणतो, भाऊ एकदम भिंतीला टेकले, मला वाटलं रक्त बघून चक्कर आली. घरी जाऊन त्यानं देवापुढचा गंजका डबा उघडला. तळाशी नुसतं कुंकू होतं.

तिथून तो चालत माझ्याकडं आला. दिवेलागण होत होती. त्याच्या हातांवर तानुबाईचं रक्त वाळलेलं होतं. त्या दिवशी मी त्याला हात धुतलेस का विचारलं नाही. कुलदीप भिंतीशी बसलेला, समोरची भाकरी तशीच. ज्योतीराम त्याच्यासमोर बसला.

"डब्यातलं शिसं तू नेलंस?"

कुलदीपनं मान डोलावली. मग त्याला रडू फुटलं. गोळ्या त्यानं स्वतः फार्महाऊसच्या गॅसवर ओतल्या होत्या, अण्णासाहेबांनी त्याच उडवल्या, आणि आता ते म्हणत होते की तू गप बस, मी बघतो.

"उद्या माझ्यासंगं चल," ज्योतीराम म्हणाला. "आपण दोघं पोलिसांत जाऊन सांगू. मी बी सांगतो, मी काय केलं त्ये."

कुलदीप उठला, चपला घातल्या आणि मोटारसायकल घेऊन फार्महाऊसवर गेला. मी दारापर्यंत धावले. मग परत येऊन मी भावाचे पाय धरले. हो, पाय धरले, थोरली असून. म्हणाले, "ज्योत्या, तू कुठं जाऊ नगंस. त्यांनी इचारलं तर वळखत न्हाई म्हन. एवढंच. शिसं सगळ्या जगात मिळतं. माझं एकच प्वार हाय रं." त्यानं माझे हात सोडवले, मला उठवून बसवलं. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. त्याची ती खोडच आहे. त्याच्या त्या गप्प बसण्यावर मी भाबडी विसंबले.

पोलीस फार्महाऊसवर गेले तेव्हा अण्णासाहेबांनी लायसन दाखवलं, काडतुसांची पेटी दाखवली. जेवढी सरकारनं दिली तेवढी जागेवर. बार कसले, लवंगीची माळ लावली होती पोरांनी, असं म्हणाले. पाहुण्यांपैकी कुणी काही पाहिलं नव्हतं. मग त्यांच्याच माणसांनी पुडी सोडली की कुरुळीत शिसं ओतणारा एकच, तो ज्योतीराम. ज्याच्या जिवावर उठले तो त्यांच्याच भावकीतला, पण त्यांना काय त्याचं. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी ज्योतीरामला बोलावून घेतलं.

आम्ही दोघी त्याच्याबरोबर गेलो, मी आणि केसर. आत साहेबांच्या टेबलावर प्लास्टिकच्या पिशवीत तो तुकडा होता. साहेब तरुण होते, बोलायला शांत.

"काका, हे तुमच्याकडचं आहे का? नीट बघून सांगा. तपासणीला तर जाणारच आहे."

ज्योतीरामनं पिशवी उचलली. उजेडाला धरून बघितली, खाली ठेवली. मी त्याच्या पाठीकडं बघत होते. मनातल्या मनात म्हणत होते, म्हण वळखत न्हाई, म्हण रं बाबा. माझा जीव त्याच्या जिभेवर येऊन बसला होता.

"शिसं माझं हाय," तो म्हणाला. "वळंब्यासाठी मीच केलंय. दुसरा कुणी असलं करत न्हाई."

"गोळी तुम्ही ओतली?"

"न्हाई."

"मग कुणी?"

तेव्हा तो वळला. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, नको म्हणून, जोरजोरात हलवली. केसरनं माझा दंड धरला होता. त्यानं सगळं बघितलं आणि परत साहेबांकडं वळला.

"माझ्या बहिणीचा मुलगा, कुलदीप. आण्णासायबांच्या गाडीवर असतो. कंचं शिसं घ्यायचं त्ये त्याला मीच बोटानं दावलं. त्ये बी लिवा."

मी तिथंच त्याला बोलले. काय काय बोलले ते सांगत नाही, पण केसरनं माझं तोंड दाबलं. निपुत्रिकाला पोराची काय किंमत, हेही बोलले. तो खाली मान घालून ऐकत राहिला. मी तशीच बाहेर पडले, रिक्षा केली नाही, चालत महाळुंग्याला आले. वाटेत कंपनी सुटलेली, शिफ्टची पोरं घोळक्यानं जात होती. प्रत्येकाच्या पाठीला टिफिनची बॅग. त्यात मी माझं पोर शोधत होते. वेडं झालं होतं माझं डोकं.

कुलदीपला त्याच दिवशी फार्महाऊसवरून उचललं. आत गेल्यावर त्यानं सगळं सांगितलं, त्यामुळे अण्णासाहेबही अडकले. पण त्यांनी मोठा वकील लावला आणि ते लवकर बाहेर आले. रिव्हॉल्व्हर गेलं, गाडी तीच, चेन तीच. माझा पोरगा अजून आत आहे. ह्याचा राग कुणावर काढायचा? अण्णासाहेबांच्या फाटकावर मी जाऊन आले, शिव्या देऊन आले, वॉचमननं ऐकून घेतल्या. मग उरला तो माझा भाऊच.

तानुबाई वाचली. उजवा हात मात्र खांद्याच्या वर जात नाही, स्वतःची वेणी तिला घालता येत नाही. तिची सून सकाळी कामावर जाते. मी जाते आणि तिची वेणी घालते. पहिल्या दिवशी दारात उभी राहिले तेव्हा ती बराच वेळ माझ्याकडं बघत होती. मग पाठ करून बसली आणि फणी मागं सरकवली. कुलदीपचं नाव ती काढत नाही, मी काढत नाही. केस विंचरताना मला रडू येतं, ते तिला कळतं.

वर्कशॉपात नागसेन आणि ज्योतीराम एकाच भट्टीवर. कितीतरी दिवस एकमेकांशी शब्द नाही. कढई एकानं धरायची, धातूवर आलेली मळी दुसऱ्यानं काढायची, सगळं मुक्यानं. मग एकदा पळी धरताना ज्योतीरामचा हात फार कापायला लागला, तेव्हा नागसेननं त्याच्या हातातून पळी घेतली आणि म्हणाला, "बसा भाऊ, मी ओततो." हे मला केसरनं सांगितलं. मी म्हटलं, मला काय सांगतेस. पण ऐकलं.

दिवाळी आली. माझ्या दारात पणती नव्हती. भाऊबीजेला तो येणार हे मला माहीत होतं, आणि ओवाळायचं नाही हे मी ठरवलेलं होतं. तो आला. ओट्यावर बसला, आत आला नाही. हातात पिशवी नाही, साडी नाही. आणली असती तर मी रस्त्यावर फेकली असती, हे त्याला ठाऊक होतं.

"आक्का," तो म्हणाला, "तुझा राग हाय तो ऱ्हाऊ दे. ववाळायला मी आलो न्हाई. तू त्याला भेटायला जाशील तवा मला ने."

"कशाला? आनखी कुनाला काय सांगायचं ऱ्हायलंय?"

त्यानं बोटं चोळली. मग म्हणाला, "त्यानं इचारलं तवा मी त्याला न्हाई म्हनलोच न्हाई. देवाला म्होरं केलं. हत्यारं मांडून मोकळा झालो. माझ्या तोंडानं न्हाई म्हनायचं ऱ्हायलंय, आक्का. तेवढं म्हनू दे."

खरं सांगू का, मला त्याचा आणखी राग आला, कारण त्याचं खरं होतं. आम्ही सगळेच त्या दिवशी देवाच्या आड लपलो होतो आणि हुश्श म्हणालो होतो. मी दार लावून घेतलं नाही, एवढंच केलं. तो पाणी न पिता गेला. पुढच्या भेटीच्या वेळी मी केसरला निरोप पाठवला की ह्याला म्हणावं सकाळी तयार राहा.

तुरुंगात भेट म्हणजे मधे काच. ह्या बाजूला एक फोन, त्या बाजूला एक. कुलदीप वाळलाय. दाढी वाढलीय, डोळे आत गेलेत. मी आधी बोलले. जेवतोस का, झोप येते का, अंगावर पांघरूण आहे का, तेच तेच विचारलं. मामा मागं उभा आहे हे त्याला दिसत होतं, पण तो तिकडं बघत नव्हता. शेवटी मी फोन ज्योतीरामच्या हातात दिला आणि बाजूला झाले. फोन कानाला लावताना त्याला दोन्ही हात लागले.

"कुलदीप," तो म्हणाला, "तू अष्टमीला इचारलं हुतंस. त्याचं उत्तर द्यायचं ऱ्हायलं हुतं. न्हाई. मी देनार न्हाई, तू बी करायचं न्हाई. न्हाई म्हंजे न्हाई."

कुलदीपनं तेव्हा पहिल्यांदा मामाकडं बघितलं. तो काचेपलीकडं काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, फोन भावाच्या कानाला होता. फक्त ओठ हलताना दिसले. ज्योतीरामनं डोळे मिटून घेतले आणि मान हलवली. "ठावं हाय मला," तो म्हणाला. मग वेळ संपली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, काय म्हणाला माझा पोरगा. तो सांगेना. मी त्याची बाही धरून रस्त्यातच थांबवला. तेव्हा म्हणाला, "म्हनला, मामा, हे तवाच म्हनला असतास तर मी ऐकलं असतं."

ऐकलं असतं का? मला माहीत नाही. माझं तर त्यानं कधी ऐकलं नव्हतं. पण मामाचं ऐकलं असतं, असं मला वाटतं, आणि ते वाटणं काही केल्या जात नाही. माझ्या भावालाही तेच वाटतं. तो आता त्याच वाटण्यावर जगतोय, रोज तळवड्याला जातोय, भट्टीवर उभा राहतोय. घरामागची शेड त्यानं मोडली. इडलीपात्र भंगारात दिलं. गवंडी येतात, तो हात जोडून परत पाठवतो.

माझा राग गेलेला नाही. जाईल असंही वाटत नाही. पण त्या दिवशी तुरुंगाबाहेर झाडाखाली मी डबा काढला, कारण सकाळपासून दोघांच्याही पोटात काही नव्हतं. भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा. त्यानं हात पुढं केला.

"हात धुतलेस?" मी म्हटलं.

"धुतले."

"परत धू."

तो उठला आणि समोरच्या नळावर गेला. परत येईपर्यंत मी भाकरीचे दोन भाग करून ठेवले.